फ्री डिश घरच्या सर्व्हरवर: चॅनेल लवकर लागावं म्हणून कोणता पीसी घ्यावा?

निखिल_विश्रामबाग

नमस्कार मंडळी. सांगलीत विश्रामबागला आमचं घर आहे. खाली आई-बाबा आणि आजी, वर आम्ही दोघं आणि मुलगी. गच्चीवर फ्री डिशची छत्री आहे. तिची वायर सेट-टॉप बॉक्सला न देता यूएसबी ट्यूनरला दिली आहे आणि ट्यूनर एका जुन्या डेस्कटॉपला लावलाय. त्यावर डेबियन लिनक्स, छत्रीची चॅनेलं घरभर वाटणारं टीव्हीहेडएंड आणि ती व इतर व्हिडिओ टीव्ही-फोनवर दाखवणारं जेलीफिन चालतं. एका छत्रीवर खालचा टीव्ही, वरचा टीव्ही, आईचा स्वयंपाकघरातला टॅब, सगळीकडे सह्याद्री आणि डीडी स्पोर्ट्स दिसतं. रेकॉर्डिंगही होतं. बहीण पुण्यात असते, तिलाही मधूनमधून जोडून देतो.

डेस्कटॉप आय-फाइव्ह २४०० चा, म्हणजे दुसऱ्या पिढीचा. ८ जीबी रॅम, २ टीबीची एकच हार्ड डिस्क, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. वॅटमीटर लावून पाहिलं, नुसता चालू असला तरी ५५ वॅट खातो.

बाबा साखर कारखान्यात टर्बाइनवर होते. बटण दाबलं की यंत्राने हलायला पाहिजे, हा त्यांचा आयुष्यभराचा हिशेब. इथे चॅनेल बदललं की बारा-तेरा सेकंद चक्र फिरत राहतं. तेवढ्यात ते पुन्हा बटण दाबतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. संध्याकाळच्या बातम्यांच्या वेळी हे रोजचं झालंय, आणि त्यांचा विरस झालेला मला बघवत नाही.

दुसरी गोष्ट मला कळतच नाही. कधी खालच्या आणि वरच्या टीव्हीवर दोन वेगळी चॅनेलं एकदम व्यवस्थित चालतात, कधी दुसऱ्या टीव्हीवर ‘ट्यूनर उपलब्ध नाही’ असं येतं. मशीन तेच, वेळही तीच.

तिसरी, बहिणीच्या लग्नाचे फोनवर काढलेले फोर-के व्हिडिओ सर्व्हरवर ठेवलेत. आजीला ते टीव्हीवर बघायचे असतात. दोन सेकंद चालतात, पाच सेकंद अडतात, आणि रंगही धुतल्यासारखे फिके दिसतात.

दुकानदाराने आय-फाइव्ह १२४००एफ आणि सोबत जीटी १०३० कार्ड असं मशीन जोडून देतो म्हणून सांगितलंय. माझं बजेट २५ हजार, हे त्याच्या वर जातंय. पण त्याने सगळं सुटणार असेल तर जमवेन. जाणकारांनी सांगावं.

अक्षय_कुपवाड

नवीन मशीन कशाला? जुन्याच डेस्कटॉपमध्ये सेकंड हँड जीटीएक्स १०५० टाका. एनव्हिडियाचा एनकोडर (व्हिडिओ बांधणारा भाग) आहे त्यात, दहा-बिट एचईव्हीसीही (फोनच्या फोर-के व्हिडिओंची बांधणी) उलगडतं. पॉवर सप्लायला वेगळी वायर न मागणारं मॉडेल बघून घ्या. पाच-सहा हजारांत काम होईल. आणि तसंच स्टार-सोनीची चॅनेलं या सर्व्हरवर घेता येतात का, हे मलाही विचारायचं होतं.

सुलभा_मिरज

निखिल, दुकानदाराला होकार देऊ नका. आधी हे वाचा.

१२४००एफ मधल्या ‘एफ’चा अर्थ असा की त्या प्रोसेसरमध्ये इंटेलचं अंगचं ग्राफिक्स बंद असतं. म्हणजे क्विक सिंक, इंटेलचा व्हिडिओ उलगडणारा-बांधणारा भाग, नाही. आणि जीटी १०३० मध्ये एनव्हिडियाने व्हिडिओ एनकोडर दिलेलाच नाही. ते कार्ड व्हिडिओ उलगडू शकतं, पुन्हा बांधू शकत नाही. म्हणजे तीस-पस्तीस हजार घालून तुमच्याकडे एकही हार्डवेअर एनकोडर येणार नाही. दुकानदाराचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही. गिऱ्हाइकाने ‘वेगवान पीसी’ मागितला, त्याने गेमिंगच्या हिशेबाने जुळवणी केली. मीडिया सर्व्हरला लागणारी गोष्ट वेगळी असते.

तुमच्या पोस्टमध्ये तीन त्रास आहेत, तिघांची मुळं तीन ठिकाणी आहेत. मी कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत नोकरी केली. आता निवृत्तीनंतर आमच्या वाड्यातली चार बिऱ्हाडं एका छत्रीवर चालवते, म्हणून हे जवळून पाहिलंय.

आधी दोन टीव्हींचं कोडं. उपग्रहावरून चॅनेलं एकेकटी येत नाहीत. एका ट्रान्सपाँडरवर चॅनेलांचा एक गठ्ठा येतो. एक ट्यूनर एका वेळी एकच ट्रान्सपाँडर पकडतो, पण त्या गठ्ठ्यातली सगळी चॅनेलं त्याच्या हातात असतात आणि टीव्हीहेडएंड त्यातली हवी तेवढी एकदम वाटू शकतो. खाली-वर लावलेली चॅनेलं एकाच गठ्ठ्यातली असली की दोन्ही टीव्ही चालतात. वेगळ्या गठ्ठ्यातली असली की दुसऱ्याला ट्यूनर उरत नाही. टीव्हीहेडएंडमध्ये प्रत्येक चॅनेलपुढे त्याचा मक्स, म्हणजे हाच गठ्ठा, लिहिलेला असतो, तो बघा, तुमचं सगळं जुळेल. जगातला सगळ्यात महाग प्रोसेसर आणला तरी हे सुटणार नाही. त्याला दुसरा ट्यूनरच लागतो.

आता चॅनेल लागायचा उशीर. फ्री डिशवरची साधी चॅनेलं एमपीईजी-२ मध्ये येतात. ५७६ ओळी, इंटरलेस्ड, सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे ५० अर्धी चित्रं. ब्राउझर आणि फोन एमपीईजी-२ चालवत नाहीत. त्यामुळे सर्व्हर ते उलगडतो, अर्धी चित्रं जुळवतो आणि एच-२६४ मध्ये पुन्हा बांधतो. हे ट्रान्सकोडिंग. पण एवढ्या लहान चित्राचं ट्रान्सकोडिंग तुमचा २०११ चा आय-फाइव्हसुद्धा आरामात करतो. खात्री करायची तर एफएफएमपेग, म्हणजे जेलीफिनसाठी हे ट्रान्सकोडिंग करणारा प्रोग्रॅम, त्याच्या लॉगमध्ये ‘स्पीड’चा आकडा बघा. तो १ च्या वर असेल तर प्रोसेसर मागे पडत नाहीये.

मग सेकंद जातात कुठे? ट्यूनर नवा ट्रान्सपाँडर पकडतो, त्यात थोडा वेळ. मग पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत थांबावं लागतं, कारण मधली चित्रं नुसत्या फरकाची असतात, त्यांवरून सुरुवात करता येत नाही. मग जेलीफिन प्रवाहात काय काय आहे ते तपासून बघतं, एफएफएमपेग सुरू करतं, व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे हार्ड डिस्कवर लिहितं. त्यातले निदान एक-दोन तयार झाल्यावर टीव्हीवरचं अॅप चित्र दाखवतं. त्याच वेळी त्याच डिस्कवर रेकॉर्डिंग चालू असेल तर आणखी ओढाताण.

एक करून बघा. लॅपटॉपवर व्हीएलसी उघडून टीव्हीहेडएंडची चॅनेल यादी थेट लावा, जेलीफिनला मध्ये घेऊ नका. ९९८१ पोर्टवर ती यादी मिळते. चॅनेल किती सेकंदांत लागतं ते मोजा आणि इथे लिहा. मग बोलू.

लग्नाचे व्हिडिओ हे खरं हार्डवेअरचं काम. क्विक सिंक २०११ मध्ये आलं, तुमच्या प्रोसेसरमध्येही ते आहे, पण त्या काळात एचईव्हीसी नव्हतंच. सहाव्या पिढीत आठ-बिट एचईव्हीसी आलं, दहा-बिट सातव्या पिढीपासून. आताचे बरेच फोन एचडीआरमध्ये (जास्त उजेड-रंगांच्या चित्रात), दहा-बिटमध्ये शूटिंग करतात. ते फोर-के चित्र तुमचे चार कोर नुसत्या हिशेबाने उलगडायला बघतात, तिथे दम लागतो. रंग फिके दिसतात कारण टीव्ही एचडीआरचा नाही आणि कोणी टोन मॅपिंग, म्हणजे ते रंग साध्या टीव्हीला जुळवणं, करून देत नाहीये.

अक्षय, तुमचा जीटीएक्स १०५० चा सल्ला कामाच्या दृष्टीने बरोबर आहे, लग्नाचे व्हिडिओ त्यावर नक्की चालतील. मला आक्षेप विजेचा आहे. ५५ वॅट चोवीस तास म्हणजे महिन्याला जवळजवळ ४० युनिट, कार्ड टाकल्यावर त्याहून जास्त. मिनी पीसी निवांत असताना १० वॅटच्या आसपास राहतो, म्हणजे महिन्याला ७ युनिट. महावितरणचा पहिला टप्पा १०० युनिटांचा. ज्या घराचा वापर त्या काठावर आहे तिथे हे ३०-३५ युनिट वरच्या दराने पडतात आणि दर महिन्याला पडत राहतात.

स्टार-सोनीचं म्हणाल तर पैसे भरायची डीटीएच चॅनेलं कुलूपबंद असतात, अशा ट्यूनरवर उघडत नाहीत. नेटवर फिरणाऱ्या आयपीटीव्हीच्या याद्या चोरीच्या असतात, त्यांच्या वाटेला मी जात नाही, तुम्हीही जाऊ नका. भारताचे महत्त्वाचे क्रिकेट सामने २००७ च्या कायद्यामुळे खासगी वाहिन्यांना प्रसार भारतीला द्यावे लागतात, ते डीडी स्पोर्ट्सवर मिळतातच.

निखिल_विश्रामबाग

सुलभाताई, मक्सचं तंतोतंत जुळलं. ज्या जोड्या चालतात त्या एकाच मक्सवर आहेत. इतके महिने मी उगाच नेटवर्क केबलला दोष देत होतो.

व्हीएलसीमध्ये थेट लावलं तर चॅनेल सुमारे तीन सेकंदांत लागतं. तेच जेलीफिनमधून बारा-तेरा. लॉगमध्ये स्पीड ३ च्या वर दिसतोय. म्हणजे प्रोसेसर निर्दोष?

टीव्ही दोन्ही अँड्रॉइडचे आहेत.

छत्रीवाला_तासगाव

मी छत्र्या बसवायचं काम करतो, कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नाही. पण ताईंनी दुसरा ट्यूनर सांगितलाय म्हणून छत्रीकडचं सांगतो.

दुसरा ट्यूनर घ्यायचा म्हणजे एलएनबी, छत्रीपुढचं सिग्नल पकडणारं डोकं, दोन तोंडाचा घ्या, आणि वरून दोन वेगळ्या आरजी-६ वायरी खाली आणा. एका वायरीला स्प्लिटर लावून दोन ट्यूनर चालवायला जाऊ नका. एलएनबीला कुठला बँड, कुठलं पोलरायझेशन द्यायचं हे ट्यूनर त्याच वायरीतून सांगत असतो. दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या की एकाचं चॅनेल जातंय. मग लोक म्हणतात बॉक्स खराब आहे.

छत्री फ्री डिशची, म्हणजे जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व. सांगलीतनं ती आग्नेयेला लागते आणि बऱ्यापैकी वर बघते, क्षितिजापासून साठ अंशांच्या आसपास. विश्रामबागला आता इमारती उंच झाल्यात, पण एवढ्या वरच्या कोनाला सहसा आडवं काही येत नाही. नारळाचं झाड तेवढं बघा. वाऱ्याने झावळी मधे आली की चित्र फुटतंय आणि ते सापडता सापडत नाही.

एफ कनेक्टर फिरवून बसवायचे स्वस्तातले असतील तर काढून टाका, दाबून बसवायचे लावा. त्याच्यावर रबरी बूट आणि टेप. पहिल्या पावसात पाणी वायरीच्या आत शिरलं की तांबं काळं पडतंय आणि सिग्नल हळूहळू जातोय. वळवाच्या दिवसांत वीज कडाडायला लागली की वायर ट्यूनरमधनं काढून ठेवा. छत्रीच्या पाइपाला अर्थिंग द्या. तासगाव भागात द्राक्षबागेतल्या घरांवर उघड्या रानात छत्र्या आहेत, तिथे एका वळवात ट्यूनर, टीव्ही, सगळं गेलेलं मी बघितलंय.

गोडोलीकर

साताऱ्याहून लिहितोय. छत्रीवाल्या दादांच्या बोलण्यात एक भर. आमच्याकडे आषाढात पाऊस लागला की दिवस-दिवस थांबत नाही, आणि के-यू बँडला जोराच्या सरीत सिग्नल पडतो. ६० सेंटीमीटरची छत्री काढून ९० ची बसवली, फरक ताबडतोब कळला. टीव्हीहेडएंडच्या स्टेटस पानावर कंटिन्युइटी एरर, म्हणजे प्रवाहात गहाळ झालेले तुकडे, वाढताना दिसले तर सर्व्हरला हात लावू नका, दोष वर गच्चीवर आहे.

हार्डवेअरबद्दल सांगायचं तर एन१०० चा मिनी पीसी घ्या. २०२३ मध्ये आलेली चिप आहे, ६ वॅटची, चार कोर. एचईव्हीसी दहा-बिट करते, एव्ही-१ ही नवी व्हिडिओ बांधणीही उलगडते. माझ्या घरी टेलिव्हिजन, दोन फोन आणि मुलाचा लॅपटॉप एकदम चालतात, पंख्याचा आवाज येत नाही. नवीन वस्तू, वॉरंटी. जुन्या ऑफिसातून निघालेल्या मशीनचा पंखा, अॅडाप्टर किती वर्षं चाललाय कोणाला माहीत?

सुलभा_मिरज

गोडोलीकरांचा एन१०० चांगला आहे यात शंका नाही. नुसते फोनचे व्हिडिओ आणि एक ट्यूनर एवढंच असतं तर मीही तेच सांगितलं असतं. निखिलच्या घरात मात्र मला वेगळं सुचवावंसं वाटतं, ते दुसऱ्या ट्यूनरमुळे.

दोन ट्यूनरचं पीसीआय एक्सप्रेस कार्ड मिळतं, उदाहरणार्थ टीबीएस ६९०२. यूएसबीवर दोन डबे लोंबकळत ठेवण्यापेक्षा ते कार्ड खोक्याच्या आत बसलेलं मला जास्त भरवशाचं वाटतं. लहान मुलगी आहे घरात, वायरी ओढल्या जातात. एन१०० च्या बहुतेक छोट्या डब्यांत असं कार्ड बसायला जागा नसते. ऑफिसमधून निघणाऱ्या काही मिनी पीसींत असते. लेनोवोचा थिंकसेंटर एम७२०क्यू त्यातला एक. त्यात राइजर नावाची छोटी आडवी पट्टी लागते. विकणारे बऱ्याचदा ती काढून ठेवतात किंवा मुळात नसते, तेव्हा घेताना झाकण उघडून बघा. आणि हे लक्षात ठेवा की राइजर बसवला की अडीच इंची डिस्कची जागा जाते. मग आत फक्त एम-डॉट-टू एसएसडी. तुमची २ टीबीची मोठी डिस्क तशीही आत मावणार नाही. तिला स्वतःचा अॅडाप्टर असलेलं यूएसबी खोकं घ्या.

प्रोसेसर आठव्या पिढीचा बघा. इथे विकणारे ‘आय-सेव्हन घ्या, जास्त फास्ट’ म्हणतील. आय-थ्री ८१००टी आणि आय-फाइव्ह ८५००टी दोघांतही यूएचडी ६३० हेच ग्राफिक्स आहे, ट्रान्सकोडिंग तेच करतं. आय-थ्री पुरतो. वाचलेले पैसे एसएसडी आणि एलएनबीत घाला. सहाव्या पिढीचं मशीन अगदी स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका, दहा-बिटचं कारण वर सांगितलंच आहे. रास्पबेरी पाय ५ चाही कोणी सल्ला देईल. टीव्हीपाशी बसून चित्र दाखवायला तो छान आहे, पण त्यात हार्डवेअर एनकोडर नाही, सर्व्हर म्हणून तो इथे नको.

टीबीएसच्या कार्डाचं ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) आयतं नसतं, कंपनीचं वेगळं घ्यावं लागतं. कर्नल अपडेट झाला की ते पुन्हा बांधावं लागतं. म्हणून डेबियनमध्ये कर्नलचं आपोआप अपडेट थांबवून ठेवा आणि सामना नसेल त्या दिवशी हाताने करा.

आता बाबांच्या रिमोटकडे येते, कारण माझ्या लेखी या सगळ्या खटाटोपाचं कारण ते आहेत. तुमच्या मोजणीत छत्रीपासून टीव्हीहेडएंडपर्यंत तीन सेकंद आणि जेलीफिनचे वरचे नऊ-दहा. नवीन मशीनवर, एसएसडीवर ते कमी होतील, पण जाणार नाहीत. घरातल्या टीव्हींना जेलीफिनमधून लाइव्ह चॅनेल दाखवूच नका. दोन्ही टीव्हींवर कोडी हे व्हिडिओ दाखवणारं अॅप टाका आणि त्यात टीव्हीहेडएंडला थेट जोडणारं एचटीएसपी क्लायंट अॅडऑन. मग प्रवाह जसा छत्रीतून आला तसाच टीव्हीपर्यंत जातो. ट्रान्सकोडिंग नाही, तुकडे नाहीत, डिस्कवर लिहिणं नाही. टीव्हींच्या चिपांना एमपीईजी-२ बहुधा येतंच, आणि नाही आलं तरी ५७६ ओळींचं चित्र कोडी स्वतः उलगडून घेतो. त्याच अॅडऑनमध्ये प्रेडिक्टिव्ह ट्यूनिंग आहे, ते चालू केलं की आगेमागेचं चॅनेल आधीच तयार ठेवलं जातं. बाबांची आवडती चॅनेलं एका मक्सवरची असतील तर त्यासाठी वेगळा ट्यूनरही अडकत नाही. चॅनेल क्रमांक लावताना मक्सनुसार शेजारी-शेजारी लावा.

हे आजच, जुन्या डेस्कटॉपवरच करता येईल. पैसे खर्च करायच्या आधी बाबांना ते लावून द्या.

जेलीफिन फोनसाठी, टॅबसाठी, पुण्यासाठी आणि लग्नाच्या व्हिडिओंसाठी राहू द्या. त्याची ट्रान्सकोडिंगची फोल्डर एसएसडीवर ठेवा. काही जण ती रॅममध्ये ठेवायला सांगतात. ४ मेगाबिटने लाइव्ह चाललं तर तासाला १.८ जीबी जमतात, आठ तासांच्या एकदिवसीय सामन्यात १४ जीबीच्या वर. तुमची ८ जीबी रॅम लंचच्या आसपासच भरेल. बघून झालेले तुकडे काढून टाकायचा पर्याय जेलीफिनमध्ये आहे, तोही चालू ठेवा. आणि डीइंटरलेसिंगमध्ये (अर्धी चित्रं जुळवण्यात) दुप्पट फ्रेमचा पर्याय निवडा. ५० अर्ध्या चित्रांची २५ न करता ५० पूर्ण चित्रं होतात. क्रिकेटचा चेंडू आणि कुस्तीतली पकड तुटक न दिसता सरळ वाहती दिसते. कुस्ती २५ फ्रेमवर बघणं हा आपल्या सांगलीच्या मातीवर अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं.

निखिल_विश्रामबाग

कोडीचं त्याच रात्री केलं. जुनंच मशीन, तीच डिस्क. सह्याद्रीवरून डीडी न्यूजवर तीन सेकंदांत, आणि एका मक्सवरची चॅनेलं तर बटण सोडेपर्यंत येतात. बाबांनी खालून वर फोन करून विचारलं, ‘काय बदललंस रे?’

मग ताईंच्या सल्ल्याने वापरलेला एम७२०क्यू घेतला, आय-थ्री ८१००टी, राइजरसकट, झाकण उघडून बघून. दोन ट्यूनरचं कार्ड, दोन तोंडाचा एलएनबी, २५६ जीबी एसएसडी, डिस्कचं खोकं. सगळं बजेटच्या थोडंसं वर गेलं. छत्रीवाल्या दादांनी सांगितलेले कनेक्टर घातलेत. एक जुना कनेक्टर कापला तर आतली तार खरंच काळी होती.

आता दोन टीव्हींवर कुठलीही दोन चॅनेलं चालतात. फोनवर जेलीफिनमधून लाइव्ह लागायला सहा-सात सेकंद घेतं, ते आम्हाला चालतं. वॅटमीटरवर निवांत असताना ११, डिस्कचं खोकं धरून १७.

लग्नाचे व्हिडिओ मात्र सुरुवातीला तसेच अडत होते. जेलीफिनच्या सेटिंगमध्ये क्विक सिंक निवडलं तरी प्रोसेसर शंभर टक्के. जेलीफिनचा युजर लिनक्सच्या ‘रेंडर’ गटात नव्हता, म्हणून त्याला ग्राफिक्सला हातच लावता येत नव्हता. गटात घातला, टोन मॅपिंग चालू केलं, आजीने सगळं लग्न सलग बघितलं. शालूचा रंग बरोबर आला म्हणाली.

दोन गोष्टी राहिल्यात. वीज गेली की इन्व्हर्टरवर जाताना मिनी पीसी रीस्टार्ट होतो, राउटर होत नाही. आणि पुण्याला बहिणीकडे संध्याकाळी चित्र अडतं. आमच्या फायबरला पब्लिक आयपी (बाहेरून थेट गाठता येणारा पत्ता) मिळत नाही, म्हणून टेलस्केल या खासगी जोडणीच्या अॅपवरून जोडलंय.

गोडोलीकर

इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे यूपीएस आणि नॉर्मल असं बटण असेल. ते यूपीएसवर करा. नॉर्मलला बदलायला जो वेळ लागतो तेवढ्यात पीसी बंद पडतो. माझं एवढ्यानेच थांबलं.

सुलभा_मिरज

यूपीएसवर करून बघा, आणि डिस्कचं खोकंही त्याच इन्व्हर्टरच्या पॉइंटवर हवं. पीसी चालू राहिला आणि डिस्क गेली तर रेकॉर्डिंग अर्धवट राहील.

बहिणीसाठी जेलीफिनमध्ये तिचा वेगळा युजर करा आणि त्याला बाहेरून बघताना ३ मेगाबिटची मर्यादा घाला. ५७६ ओळींच्या चॅनेलला त्याहून जास्त लागत नाही. लग्नाचे व्हिडिओही मग सर्व्हर आपोआप लहान करून पाठवेल, आता तुमच्या मशीनला ते सहज जमतं. तरीही अडलं तर टेलस्केलमध्ये तिचं कनेक्शन थेट आहे की रिलेवरून (मधल्या दुसऱ्या सर्व्हरवरून) जातंय ते तपासा. रिलेवरून जात असेल तर वेग तिथे मार खातो, सर्व्हरमध्ये शोधत बसू नका.

आणि तिला कार्यक्रम नंतर बघायचा असेल तर रेकॉर्डिंगच लावून द्या. टीव्हीहेडएंडमध्ये आधी दोन मिनिटं आणि नंतर दहा मिनिटं जास्तीची धरा. सामन्यानंतरचे कार्यक्रम वेळेवर सुरू होत नाहीत. ३ मेगाबिटच्या चॅनेलला तासाला १.३५ जीबी लागतात, तुमच्या २ टीबीत ती वर्षभराचं मागचं बघत बसेल एवढी जागा आहे.